सासूबाईंचा चष्मा

रोपघरात त्याला सगळे सासूबाई म्हणत. माणूस चांगला उंचापुरा, मिशा राखलेला, पन्नाशी उलटलेला. पण नाव पडलं ते पडलंच. आणि उगाच नव्हतं पडलं. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी तो रोपघराच्या दारात उभा राहायचा आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकाला अडवायचा. "हात. उलटे करा. नखं बघू. ही अंगठी कशाला? काढा, इथे काय कुणाचं लग्न आहे?" झाडूवालीपासून मॅडमपर्यंत कुणाची गय नाही. मॅडम म्हणजे रोपघराच्या मुख्य शास्त्रज्ञ, मोठ्या शिकलेल्या बाई. पण दारात त्याही निमूट हात पुढे करायच्या.

हात दाखवून झाले की ते दुधात बुडवायचे. दाराशी स्टुलावर स्टीलचं पसरट भांडं, त्यात साय काढलेल्या दुधाच्या पावडरीचं पाणी. कोपरापर्यंत हात ओले करायचे, निथळू द्यायचे, मग आत. आत गेल्यावरही एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जाताना पुन्हा दूध. पाहुणे यायचे ते हसायचे. एकाने तर बिस्किटं कुठे आहेत म्हणून विचारलं. सासूबाईच्या मिशीचा केससुद्धा हलला नाही.

आता दूध कशाला, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. या रोपघरात एकच झाड वाढवतात. तंबाखूची चुलत बहीण म्हणा. गुडघाभर उंच, मऊ पानांचं, फुलदाणीत ठेवायच्याही लायकीचं नाही. पण फार भोळं झाड. सांगाल ते ऐकतं. मॅडमच्या प्रयोगशाळेत एक जंतू वाढवतात, त्याच्या पोटात औषधाची कृती भरलेली असते. तो जंतू पाण्यात कालवून टाकी भरायची, झाडं कुंडीसकट उलटी करून पानं त्यात बुडवायची, झाकण लावून पंपाने हवा ओढून घ्यायची आणि मग ती एकदम परत सोडायची. पानांच्या आतली हवा निघून गेलेली असते, तिच्या जागी ते पाणी घुसतं. ओल्या फडक्यासारखी काळपट पानं बाहेर येतात. मग आठवडाभर ते झाड स्वतःची कामं बाजूला ठेवून त्या कृतीबरहुकूम अँटिबॉडी बनवत बसतं. अँटिबॉडी म्हणजे दुखण्याशी लढायला आपलं शरीर बनवतं, तसलीच वस्तू. ही मात्र कॅन्सरच्या पेशीला जाऊन चिकटते आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना सांगते, हा बघा चोर, धरा याला. आठवड्याने पानं कापायची, वाटायची, रस गाळायचा, गाळलेला पुन्हा गाळायचा, आणि एवढा पसारा करून शेवटी हाती लागतं बाटलीच्या तळाशी मावेल इतकं औषध.

पण जे झाड सगळ्यांचं ऐकतं ते रोगाचंही ऐकतं. तंबाखूवर एक विषाणू असतो, पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पाडणारा. इतका चिवट की वाळवून, कुटून, डबीत भरलेल्या तंबाखूतही वर्षानुवर्षं तग धरून बसतो. कुणी तंबाखूची चिमूट घेतली किंवा सिगारेट ओढली आणि त्याच बोटांनी या झाडाला हात लावला, की कारभार आटोपला. दुधात हात बुडवले की विषाणू दुधात गुरफटतो, झाडात शिरू शकत नाही. दुधाचं कारण हे एवढंच. आणि म्हणूनच रोपघराचा पहिला नियम दारावर ठळक अक्षरांत होता: तंबाखू घेणाऱ्याने आत येऊ नये. ती पाटी सासूबाईनेच रंगवली होती.

आणि सासूबाईच्या पँटच्या खिशात तंबाखूची डबी होती.

ढोंगी, असं म्हणून मोकळं व्हायला हरकत नाही. तो स्वतःला याहून वाईट म्हणायचा. पण जरा थांबा, ही डबी कुठून आली ते ऐका.

त्याला वाढवलं वहिनीने. मोठ्या भावाचं लग्न झालं तेव्हा हा शेंबडा होता, आई आधीच गेलेली. वहिनीने याचं नाक पुसलं, अभ्यास घेतला, कान पिळले. मिसरूड फुटायच्या वयात हा मित्रांबरोबर चोरून तंबाखूच्या नादी लागला, तेव्हा तिने आरडाओरडा केला नाही. संध्याकाळी घरात आला की म्हणायची, "धाकट्या, इकडे ये. हात." उजव्या हाताची बोटं नाकाशी धरून वास घ्यायची. वास आला तर काही न बोलता त्याचा हात सोडून द्यायची, आणि त्या रात्री त्याला जेवण गोड लागायचं नाही. रोपघराच्या दारातलं ते "हात" त्याने कुठून उचललं होतं, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल.

रोपघरात नोकरी लागली तेव्हा त्याने वहिनीच्या हातावर हात ठेवून तंबाखू सोडली. आणि खरंच सोडली. कित्येक वर्षं शिवला नाही. भाऊ गेला, पुतणी लग्न होऊन लांब गेली, याचं लग्न काही जमलं नव्हतंच. हा शेजारच्या गल्लीत एका खोलीत राहायचा आणि रोज संध्याकाळी वहिनीकडे चहाला जायचा. मग वहिनीला गाठ निघाली.

आधीच्या औषधांनी गुण आला नाही. तेव्हा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तिला एका नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं. काही आठवड्यांनी एकदा हातात सुई, वर बाटली, आणि सकाळभर पडून राहायचं. ते औषध कुठल्या झाडात तयार होतं हे कळलं तेव्हा सासूबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. आणि वहिनीने तर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येकाला गाठून सांगितलं, "माझा धाकटा माझं औषध पिकवतो." कपडे वाळत घालताना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, मीटर बघायला आलेल्या माणसालाही सोडलं नाही. दोन बाटल्यांनंतर गाठ थोडी आखडली. सासूबाई जमिनीपासून वीतभर वरून चालायला लागला.

पण पहिल्याच बाटलीच्या वेळी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तो बाकावरून सारखा उठबस करत होता. आत वहिनीला हुडहुडी भरली होती आणि नर्स याला आत येऊ देत नव्हती. शेजारी बसलेल्या कुणा पेशंटच्या भावाने डबी पुढे केली. माणुसकीनेच केली बिचाऱ्याने. सासूबाईने चिमूट उचलली आणि ओठाखाली दाबली. आठवड्याभरात त्याची स्वतःची डबी झाली. कॅन्सरच्या वॉर्डाबाहेर बसून तंबाखू खाणारा माणूस किती मूर्ख दिसतो हे त्याला कळत होतं. कळून काय उपयोग, सुटत नव्हती.

तिसऱ्या बाटलीच्या दिवशी तो वहिनीला घरी सोडून दुपारी कामावर आला. सायकल लावली, एक चिमूट घेतली, मग तोंड खळखळून धुतलं. दाराशी कुणी नव्हतं. पण त्याने हात दुधात बुडवले, चांगले कोपरापर्यंत, पुन्हा बुडवले, आणखी एकदा बुडवले. मनात पाप होतं ना, म्हणून इतरांपेक्षा जास्तच. मग आत जाऊन शेंडे खुडायला बसला. झाड उंच न वाढता पानांनी भरावं म्हणून त्याचे कोवळे शेंडे बोटांनी खुडतात. हे नाजूक काम तो दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाही. आत दमट उकाडा, नाकावर घाम, चष्मा घसरतोय. दर दोन-तीन झाडांनंतर बोटाने चष्मा वर ढकलायचा, पुढचा शेंडा खुडायचा. त्या दिवशी सकाळपासून तोच चष्मा त्याने शंभरदा तंबाखूच्या बोटांनी वर ढकलला होता. हात दुधात धुतले. चष्मा कोण धुतो?

सगळ्यांची नखं तपासणाऱ्या माणसाच्या हे डोक्यातही आलं नाही.

काही दिवसांनी चट्टे पहिल्यांदा नवीला दिसले. नवी म्हणजे त्यांच्यातली सगळ्यांत नंतर लागलेली बाई. येऊन बरेच दिवस झाले होते, पण तिच्यानंतर कुणी आलंच नाही म्हणून ती नवीच राहिली. तिशीची, एका शाळकरी मुलीची आई, नवरा वारल्यापासून वडिलांकडे राहणारी. पाणी घालायचं काम तिचं. तिने एक पान खिडकीशी नेलं, उजेडात धरलं आणि हाक मारली, "काका, हे जरा बघता का?"

त्याने बघितलं. पानावर हिरवं-पिवळं, हिरवं-पिवळं. मग त्याने रांग बघितली. पहिल्या झाडापासून ओळीने, ज्या क्रमाने त्याने शेंडे खुडले होते त्याच क्रमाने, पानं आकसली होती. त्याचं बोट सवयीने चष्म्याकडे निघालं आणि मध्येच थांबलं. त्याला सगळं कळलं. जागच्या जागी कळलं, शंकेला जागाच उरली नाही.

सगळी झाडं वाफेत घालून मारावी लागली, शेजारच्या निरोगी रांगांसकट. विषाणूशी कुणी हुज्जत घालत नाही. त्या खेपेचं औषध बुडालं आणि हॉस्पिटलला कळवण्यात आलं की पुढची बाटली लांबणार. कुणाची बाटली, हे सासूबाईला सांगायची कुणाला गरज नव्हती.

मग मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. रोग आत कसा आला? सगळ्यांच्या माना हळूहळू नवीकडे वळल्या. नवीच्या वडिलांचं दुकान होतं, सिगारेटचं आणि तंबाखूचं, आणि हे लोक त्या दुकानाच्याच माडीवर राहायचे. तिला कामावर घेतानाही यावरून कुजबुज झाली होती. ती रोज आंघोळ करून, डब्यातून आणलेले वेगळे कपडे इथे येऊन घालायची, दुधात हात बुडवायची, तरी कुजबुज काही पूर्ण थांबली नव्हती.

मॅडम सासूबाईकडे वळल्या. "तुम्ही हिचे हात रोज बघायचात?"

"बघायचो."

"स्वच्छ असायचे?"

एवढाच प्रश्न होता. हो म्हणायचं होतं. नवीचे हात रोपघरात सगळ्यांत स्वच्छ असायचे. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता, मग कुणाचे? आणि डोळ्यांपुढे वहिनी उभी राहिली, जिन्यात उभी राहून कुणालातरी सांगणारी, माझा धाकटा.

"हात स्वच्छ असायचे," तो म्हणाला. "कपड्यांचं मी काय सांगणार?"

बघा, सरळ खोटं बोलला असता तरी परवडलं असतं. हे खोटंही नव्हतं. त्यामुळे ते जास्त लागलं. मॅडमनी मान हलवली. नवीला रोपघरातून काढून मागच्या शेडमध्ये ट्रे धुवायला लावलं. जाताना तिने सासूबाईकडे एकदा बघितलं, नुसतं बघितलं. तो खाली दुधाच्या भांड्याकडे बघत राहिला.

त्यानंतरचे दिवस त्याने कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. सकाळी दारात उभा राहून "हात" म्हणायचा, पण आवाज बसलेला. लोकांना वाटायचं वहिनीची काळजी. ते जास्तच मायेने वागायचे, आणि ती माया त्याला चटके द्यायची. डबी खिशातच होती.

बाटली का लांबली, असं वहिनीने विचारलं तेव्हा त्याने तिला तेच सांगितलं जे सगळे म्हणत होते. एका बाईमुळे रोग शिरला. तिच्या बापाचं तंबाखूचं दुकान आहे.

वहिनी उशीला टेकून विणत होती. बाटली चालू असतानाही ती विणायची, हात मोकळा असेल तेवढं. सुया थांबल्या.

"तिला काढलं का रे?"

"नाही. ट्रे धुवायला लावलंय."

"एवढ्या थंडीत पाण्यात?" वहिनीने सुया बाजूला ठेवल्या. "मुलंबाळं?"

"एक मुलगी आहे."

"तिला झोप लागत नसेल रे. आपल्या हातून कुणाचं औषध गेलं म्हटल्यावर माणसाला घास जाईल का?" तिने विणून झालेले लोकरीचे हातमोजे उशाखालून काढले. ते खरं तर पुतणीसाठी होते. "हे तिला दे. म्हणावं, जिचं औषध होतं तिनंच दिलेत. माझ्या मनात काही नाही. मी तिला माफ केलं म्हणून सांग. नक्की सांग, धाकट्या, विसरू नकोस. दुखणं माझं आहे, मग माफ करायचं तर मीच करायला हवं ना."

त्याने मोजे घेतले. नाही कसं म्हणणार? काय कारण सांगणार? मोजे घेऊन जिना उतरताना त्याला स्वतःची इतकी किळस आली की मधल्या पायरीवर तो बसूनच राहिला. वरच्या मजल्यावरची बाई पिशवी सावरत बाजूने गेली आणि म्हणाली, "काळजी करू नका, भावजी, बऱ्या होतील त्या."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो शेडमध्ये गेला. नवी हौदापाशी ट्रे घासत होती. बोटं पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती. त्याने मोजे पुढे केले आणि पाठ केलेला निरोप सांगितला, शब्द न शब्द. सांगताना त्याची नजर ट्रेवर होती.

नवीने हात पुसले. मोजे घेतले, उलटेसुलटे करून बघितले. "छान विणलेत," ती म्हणाली. मग ते परत त्याच्या हातात ठेवले. "काका, त्या दिवशी तुम्ही सायकल लावत होतात ना, मी आत खिडकीपाशी होते. डबी बघितली मी तुमची."

तेव्हा कुठे त्याने ट्रेवरून नजर उचलली. "मग बोलली का नाहीस?"

"तंबाखूवाल्याची मुलगी सांगणार की सासूबाईंच्या खिशात तंबाखू आहे. कुणी ऐकलं असतं?" तिने पुढचा ट्रे ओढला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "आणि मला वाटलं तुम्हीच बोलाल. आज बोलतील, उद्या बोलतील. रोज वाट बघत होते मी. तर आज हे घेऊन आलात."

तो मोज्यांची घडी घालत राहिला.

"त्यांची माफी चांगली आहे. पण ती माझी नाही. मी कशी घेऊ?"

संध्याकाळी वहिनीच्या गल्लीच्या तोंडाशी तो बराच वेळ घुटमळला. आणि काय सांगावं या माणसाचं, तिथे उभ्या उभ्या, भीतीने, त्याच्याही नकळत त्याने डबी उघडली आणि चिमूट घेतली. घेतल्यावर कळलं. मग मात्र त्याने हात धुतले नाहीत. तसाच जिना चढला.

"घेतले का तिनं?" तो दारात असतानाच वहिनीने विचारलं.

त्याने मोजे तिच्या मांडीवर ठेवले आणि उजवा हात पुढे केला. लहानपणी करायचा तसाच. वहिनीने आधी नुसतं बघितलं. कित्येक वर्षांत हा खेळ झाला नव्हता. मग तिने त्याची बोटं धरली, नाकाशी नेली, आणि तशीच धरून राहिली.

"केव्हापासून?"

"तुझ्या पहिल्या बाटलीपासून."

मग त्याने सगळं सांगितलं. चष्म्याचं सांगितलं, कपड्यांबद्दल काय बोलला तेही. सांगून झाल्यावर तिने त्याचा हात सोडला.

"जिनं काही केलं नाही तिला मी माफ करून बसले," ती म्हणाली. "वर मोजे पाठवले. तिला काय वाटलं असेल रे? मला काय म्हणाली असेल ती मनात? माझ्या औषधाचं जाऊ दे. तू मला तिच्यापुढे किती खाली आणलंस."

"वहिनी..."

"मला कशाला सांगतोस? ज्यांच्यासमोर तिला पाडलंस त्यांना सांग." आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपली. तो दिवा मालवून निघून आला.

सकाळी रोपघराच्या दारात नेहमीसारखी रांग लागली. त्याने कुणाचे हात मागितले नाहीत. खिशातून डबी काढून दुधाच्या भांड्याशेजारी स्टुलावर ठेवली, शेजारी चष्मा काढून ठेवला, आणि स्वतःचे दोन्ही हात मॅडमपुढे धरले. "आज माझे बघा," म्हणाला. "माझे कुणी कधी बघितलेच नाहीत." मग त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. शेडमधून नवीलाही बोलावून घ्यायला लावलं आणि तिच्यासमोर पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, कारण अर्धं ऐकून ती आली होती. चष्म्याशिवाय त्याला कुणाचे चेहरे नीट दिसत नव्हते. तेवढंच एक बरं होतं. हसलं कुणी नाही. सासूबाई अशी हाकही कुणी मारली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

मॅडमनी त्याला काढून टाकलं नाही. नियम रोपघराचा होता, शेडचा नव्हता. आता ट्रे तो धुतो. दारात नवी उभी असते. सगळे अजून तिला नवीच म्हणतात. ती हात बघते, आणि हात बघून झाले की म्हणते, "चष्मा पण." धुतलेले ट्रे तो खिडकीतून आत देतो. ती घेते, "ठेवा काका" म्हणते. तिने त्याला एकदाही टोमणा मारलेला नाही, आणि त्याला वाटतं, मारला असता तर बरं झालं असतं.

वहिनीची बाटली लांबायची तेवढी लांबलीच. मधल्या काळात गाठ पुन्हा थोडी वाढली होती. बाटली चुकली म्हणून वाढली का, असं त्याने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित तशीही वाढली असती. त्याला धीर द्यायला म्हणाले असतील. पण हे 'सांगता येत नाही' आता जन्मभर त्याच्यापाशी राहणार आहे, हे त्याला तिथेच कळलं.

तंबाखू सुटली. यावेळी कुणाच्या हातावर हात ठेवला नाही. रोज संध्याकाळी तो अजून वहिनीकडे जातो, औषधाच्या गोळ्या काढून देतो, चहा करतो. मोजे कपाटावर पडून आहेत. वहिनीने ते पुतणीलाही पाठवले नाहीत. जिना चढून आत आला की तो आधी उजवा हात पुढे करतो. पूर्वी लपवायचा तोच हात. वहिनी हाताकडे बघते, पण धरत नाही.

"राहू दे," ती म्हणते. "बस."

हात थोडा वेळ तसाच राहतो. मग तो स्टूल ओढून बसतो.